पातूरच्या मावशींचं कमरख

मी मोर्शीकडची, संत्र्याच्या बागेतली. लग्नानंतर अमरावतीला आले, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवू लागले आणि सोबत पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. माझा विषय होता लाखोळी डाळ. ही डाळ महिनोन्‌महिने जवळपास रोज खाल्ली तर माणसाच्या पायातलं बळ जातं, कारण तिच्यात मज्जातंतूंना इजा करणारं एक अमिनो आम्ल असतं. ते कसं मोजायचं आणि डाळ भिजवून किती कमी होतं, हे मी दोन वर्षं करत होते. काम नीट चाललं होतं, पण त्यात माझं मन फारसं नव्हतं. माझ्याआधी पुष्कळांनी ते केलं होतं.

माझा धाकटा भाऊ अकोल्यात डायलिसिसचं मशीन चालवतो. ज्यांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या आहेत अशी माणसं आठवड्यातून दोन-तीनदा त्याच्याकडे येतात, चार-चार तास पडून राहतात, रक्त मशीनमधून गाळून घेतात आणि घरी जातात. त्यांना सगळे ‘मशीनवरचे’ म्हणतात. काही खारपाणपट्ट्यातल्या, खाऱ्या पाण्याच्या गावांतून येतात, काही पातूर-बाळापूरकडून. भावाला त्यांची नावं, गावं, कोणाला कुठल्या हातात सुई टोचायची, सगळं पाठ असतं.

एका हिवाळ्यात दुपारी त्याचा फोन आला. मी तास संपवून नुकतीच खाली बसले होते.

“ताई, तू ते लाखोळीतलं जहर शोधतं ना? मंग कमरखात काय राह्यते?”

“कमरखात? आंबटपणा राहतो. काहून?”

“आमच्या एका पेशंटनं खाल्लं. कालपासून उचकी थांबून नाई राहिली त्यायची. डोकं बी ठिकाणावर नाई. डॉक्टरसाहेब म्हणतात, कमरखानंच झालं.”

मला खरं वाटलं नाही. कमरख आम्ही लहानपणी शाळेबाहेर मीठ-तिखट लावून खाल्लं होतं. पाच धारांचं, पिवळट, आडवं कापलं की चांदणी दिसते ते फळ. त्यानं कोणाचं काय होणार? पण भाऊ उगीच घाबरणारा नव्हता. मी संध्याकाळी ग्रंथालयात बसून शोधलं, आणि माझ्या अज्ञानाची मला लाज वाटली. कमरखात खरंच मेंदूवर परिणाम करणारं एक द्रव्य असतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ते वेगळं काढून त्याला कॅरॅम्बॉक्सिन असं नाव दिलं होतं. धडधाकट माणसाच्या किडन्या ते लघवीवाटे बाहेर टाकतात. किडनी निकामी झालेल्याच्या अंगात ते साठतं आणि मेंदूपर्यंत पोचतं. आधी न थांबणारी उचकी, मग उलट्या, गोंधळ, झटके. वेळेत रक्त गाळलं नाही तर माणूस जातो. माझ्याच विषयाचं सख्खं भावंड होतं ते, आणि मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

तो पेशंट वाचला. कसा वाचला ते भावानं मला नंतर सविस्तर सांगितलं.

पातूरजवळचं गाव. नवरा-बायको दोघंही साठीच्या आसपासचे, पिढ्यांपासून भाजीपाला आणि फळं पिकवणारं घर. नवरा दीड वर्षापासून मशीनवर होता. मशीनवरच्या माणसाला सगळ्यात मोठा त्रास तहानेचा. पाणी मोजून प्यायचं असतं, आणि जीभ तर कोरडी पडलेली. आंबट चघळलं की तहान भागल्यासारखी वाटते, म्हणून त्यांनी धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या झाडाची दोन कमरखं खाल्ली. झाड त्यांचंच. बायको त्याच झाडाची फळं बाजारात विकायची. दुपारी खाल्ली, संध्याकाळी उचकी लागली. सकाळी ते बायकोला बहिणीच्या नावानं हाक मारू लागले.

फळं खाण्याच्या आदल्याच दिवशी त्यांचं डायलिसिस नियमाप्रमाणे झालं होतं, त्यामुळे कोणाला किडनीचं काही वाटलं नाही. अर्धांगाचा झटका असेल म्हणून मेंदूचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. डॉक्टर औषधांची यादी तपासत होते, तेव्हा बायकोनं आपल्या पिशवीतून एक कमरख काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “साहेब, कालपासून यायनं घरचं तेच जेवण केलं जे मी केलं. फरक हा येवढाच हाय. हे यायनं खाल्लं, मी नाई खाल्लं.”

डॉक्टरांनी याबद्दल कुठेतरी वाचलेलं होतं, बघितलेलं मात्र नव्हतं. त्यांनी पाचव्या मिनिटाला मशीन लावायला सांगितलं. तिसऱ्या तासाला उचकी थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडी सुरू झाली, म्हणून पुन्हा मशीन, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडून बायकोला विचारलं, “वांग्याले पाणी कोणं देल्लं?” तेव्हा ती पहिल्यांदा रडली, असं भाऊ म्हणाला.

मला त्या बाईंना भेटायचंच होतं. फरक शोधायची ती रीत, तिनं खाल्लं नाही ते त्यानं काय खाल्लं, ही आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतो आणि परीक्षेनंतर ते विसरतात. पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेले. त्यांचा नवरा मशीनवर होता, त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर मोठं कुंकू. मी त्यांना मावशी म्हटलं. मी कोण, काय शिकते, हे सांगितलं, आणि झाडाची फळं तपासायला मिळतील का विचारलं.

“तपासून काय करशीन?” त्यांनी विचारलं.

“त्यात ते विष किती आहे बघीन. पिकल्यावर वाढतं का, कच्च्यात जास्त असतं का.”

“मंग त्यानं काय होईन?”

प्रबंध होईल, हे म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, “कोणाला माहीत नाही, मावशी. इकडच्या झाडांचं तर कोणीच बघितलेलं नाही.”

त्या म्हणाल्या, “मीच तोडून देल्ले होते बाई. म्हटलं, पाणी तर देता येत नाई, हे तरी खा. माह्या हातानं देल्ले.” आणि लगेच आवाज सावरून, “फळं देईन मी. पण एक सांगतो. जे निघन, ते मले आधी सांगजो. चांगलं निघो का बेकार निघो.”

मी हो म्हटलं. तेवढ्यात माझा भाऊ बाहेर आला आणि त्यांच्याशी पथ्याचं काही बोलू लागला. तिथल्या प्रत्येक पेशंटला छापील पथ्याचा कागद देतात. मावशींनी तो पिशवीत घडी घालून ठेवला होता. घरीही एक भिंतीला चिकटवलेला होता म्हणे, वर्षभरापासून. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. पुतणी वाचून दाखवायची. केळी नाही, नारळपाणी नाही, संत्रं नाही. संत्र्याच्या गावची मी, संत्रं खायला बंदी असलेली माणसं असतात हे तेव्हा कुठे कळलं. मावशींनी भावाला विचारलं, “यात कमरखाचं लिहेल हाय काय?”

भावानं कागद घेतला, बोट फिरवत खाली आला आणि थांबला. “हाय,” तो म्हणाला. “स्टारफ्रूट टाळा.”

“ते काय राह्यते?”

“तेच, कमरख.”

मावशींनी कागद परत घेतला आणि बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “वर्षभर भिताडावर होतं. मंग तसंच लिहा ना बापू. आमाले काय मालूम, कमरखाले दुसरं बी नाव हाय.”

भावाची मान खाली गेली. कागद त्यानं लिहिला नव्हता, पण शेकडो लोकांच्या हातात त्यानंच दिला होता.

पुढच्या वेळी मावशी आल्या त्या डालग्यात कमरखं घेऊन. सिस्टरांची परवानगी काढून त्या एकेका खाटेपाशी गेल्या. मी त्या दिवशी नव्हते, पण भाऊ सांगताना अजूनही त्यांची नक्कल करतो. प्रत्येकाच्या हातात फळ द्यायच्या, उलटंसुलटं करून बघू द्यायच्या, मग परत घ्यायच्या. “नीट पाहून घ्या. याले कमरख म्हणतात. कोणी कमरक म्हणते, कोणी स्टार का काय म्हणते. नाव काही बी असो, हे तोंडात घालायचं नाई. आमच्या घरी काय झालं, इचारा यायले.” आणि तिकडच्या खाटेवरून त्यांचा नवरा हात वर करायचा.

आठवड्याभरात नवा कागद निघाला. त्यात कमरख असं ठळक लिहिलेलं होतं आणि फळाचं चित्र होतं, अख्ख्याचं आणि कापलेल्याचं.

इकडे माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी विषय वाढवायची विनंती केली. त्या करड्या शिस्तीच्या होत्या. म्हणाल्या, “लाखोळी सोडायची नाही. शेवटचं प्रकरण म्हणून कमरख घे. निघालं तर निघालं.” पातूरहून मावशी बाटलीत रस काढून, एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायच्या. मी बसस्टँडवर उतरवून घ्यायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यंत्र मोकळं मिळालं की तपासायची. यंत्र कागदावर डोंगरासारख्या शिखरांची रेघ काढतं. एकेक शिखर म्हणजे एकेक द्रव्य. जिथे माझं शिखर यायला हवं होतं तिथे सपाट मैदान. एकदा नाही, पाच वेळा, सहा वेळा. एकदा किंचितसा उंचवटा दिसला, आणि मी आनंदानं मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून बघितलं आणि म्हणाल्या, “हा तर यंत्राचा थरथराट आहे.”

मी हरले होते. फोन करून मावशींना म्हटलं, तुमच्या झाडात बहुतेक काहीच नाही. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

“असं कसं?” त्या म्हणाल्या. “माह्या घरचा माणूस तीन दिवस भान सोडून पडला. तो काय खोटा पडला?”

आणि दोन दिवसांनी त्या स्वतः अमरावतीला आल्या. अकोल्याहून बस बदलून, मूर्तिजापूर-बडनेरा करत, गोणपाटात ओल्या फडक्यात गुंडाळलेली कमरखं घेऊन. देठासकट तोडलेली, एकालाही डाग नाही. मी त्यांना प्रयोगशाळेत स्टुलावर बसवलं. आमच्याकडे पाहुणे येतात ते यंत्राकडे बघतात. मावशी माझ्या हातांकडे बघत होत्या.

“हे बाटलीतलं कवाचं?” त्यांनी फ्रिजमधली बाटली दाखवून विचारलं.

“तुम्ही परवा पाठवलं ते.”

“परवाचा रस?” त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “बाई, मी कापलेलं कमरख घंटाभर बी ठेवत नाई. पहिल्या फोडीची चव अन् घंट्यानंतरच्या फोडीची चव एक नाई राह्यत. गिऱ्हाईक आलं तवाच कापतो मी. तू तीन दिवसांचं घेऊन बसली, मंग त्यात काय सापडन?”

त्या द्रव्याबद्दल मी वाचलेलं होतं की पाण्यात राहिलं की त्याचा रेणू स्वतःभोवतीच गुंतत जातो आणि निराळाच होऊन बसतो. वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं. पण बाटली, बस, फ्रिज, मोकळ्या यंत्राची वाट, या सगळ्यात ते वाक्य माझ्या हातात उतरलं नव्हतं. त्यांच्या चवीचं कारण कदाचित वेगळंच असेल. तरी चूक त्यांनी बरोबर जिथे होती तिथेच दाखवली.

त्या दिवशी मॅडमनी एका विद्यार्थिनीची यंत्रावरची वेळ मला मागून दिली. मावशींनी स्वतः विळीवर फळं कापली, कारण माझी सुरी त्यांना पसंत पडली नाही. मी तिथल्या तिथे आम्ल टाकून अर्क काढला, बर्फात ठेवला, गाळला आणि यंत्राला दिला. रेघ सरकत राहिली. मावशी डबा उघडून मॅडमना ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा देत होत्या, तेव्हा शिखर आलं. मोठं नव्हतं, पण जागेवर होतं. मी दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. तिन्ही वेळा आलं. नंतर दुसऱ्या शहरात रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर ताजा अर्क बर्फात नेऊन तपासला, तेव्हा वजनही जुळलं.

मॅडमनी मावशींना नमस्कार केला. त्यांनी कोणाला सहसा चांगलंही म्हटलेलं मी ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतरच्या दोन हंगामांत मी पातूरला किती फेऱ्या मारल्या, आठवत नाही. मावशींचं झाड आंबट फळाचं. त्यांच्या माहेरच्या गावी एक गोड फळाचं होतं, तेही त्यांनी मिळवून दिलं. कच्ची, पिकायला आलेली, पूर्ण पिकलेली, सगळी त्या वेगवेगळ्या फडक्यांत बांधायच्या आणि फडक्यांना रंगीत दोरे लावायच्या, कारण त्यांना चिठ्ठी लिहिता येत नव्हती. हिरवा दोरा कच्च्याला, पिवळा पिकायला आलेल्याला, लाल पिकलेल्याला. माझ्या नोंदवहीत आजही रंगच लिहिलेले आहेत. त्यांचा नवरा मशीनचा दिवस नसला की ओसरीवर बसून फळं निवडायला मदत करायचा. एकदा मला म्हणाला, “माह्यावर येवढा अभ्यास झाला, मॅट्रिकले तेवढा केला असता तर पास झालो असतो.”

निकाल हाती आले तेव्हा मी दिलेला शब्द आठवला. मला वाईट वाटत होतं. मावशींना मनातून हवं होतं की गोड झाड तरी निर्धोक निघावं, किंवा निदान एखादी फोड चालते असं मी म्हणावं. कमरखाच्या दिवसांत त्यांचं दुकान त्या फळावरच चालायचं. मी पातूरला गेले, ओसरीवर बसले आणि सांगितलं, “दोन्ही झाडांत आहे, मावशी. कच्च्यात आहे, पिकलेल्यात आहे. कमीजास्त आहे, पण मशीनवरच्या माणसाला अमुक इतकं चालतं असं मला म्हणता येत नाही. कोणालाच म्हणता येणार नाही.”

“अन् बाकीच्यायले?”

“ज्यांच्या किडन्या चांगल्या आहेत त्यांनी एखादं फळ खाल्लं तर सहसा काही होत नाही. पण उपाशीपोटी पेलाभर रस पिणं त्यांनाही बरं नाही. त्यातलं आम्ल चांगल्या किडनीलाही इजा करू शकतं.”

मला वाटलं, त्या झाड तोडून टाकतील. तसं मी विचारलंही.

“झाडाचा काय कसूर?” त्या म्हणाल्या. “लेकरं खातात, त्यायले काई नाई होत. ज्याले होते, त्याले आपण सांगाव.”

आणि त्यांनी बाजारात विचारायला सुरुवात केली. मी एकदा त्यांच्याशेजारी तासभर बसून बघितलं आहे. गिऱ्हाईकानं कमरखाला हात लावला की मावशी आधी विचारायच्या, “घरी कोणी मशीनवर हाय काय? कोणाले किडनीचं काई?” काही माणसं हसायची. एका बाईला राग आला, “आमच्या घराले नजर कायले लावता?” म्हणून ती फळं टाकून गेली. मावशींनी ती उचलून पुन्हा रचून ठेवली. थोड्या वेळानं एक पोक्त गृहस्थ आले, अर्धा किलो घेतली, प्रश्न ऐकला आणि म्हणाले, “सासरे हायेत, आठवड्यातून दोनदा जातात अकोल्याले. त्यायच्यासाठीच नेऊन राहिलो, त्यायले आंबट आवडते.” मावशींनी पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली. मग त्यांना बाजूला बसवून सगळी हकीकत सांगितली, नवऱ्याच्या उचकीपासून. त्यात तीन गिऱ्हाईकं निघून गेली. मला तेव्हा जाणवलं की माझा प्रबंध छापून होईल, कपाटात जाईल, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत तो या टोपल्यावरूनच पोचेल.

भाऊही अधूनमधून सांगायचा. एकदा बाळापूरकडचं एक कुटुंब म्हाताऱ्या वडिलांना घेऊन थेट डायलिसिसच्या दारात उभं राहिलं. सकाळपासून उचकी थांबत नव्हती. पातूरच्या बाजारातल्या एका बाईनं ऐकलं, आधी कमरख खाल्लं काय विचारलं, आणि हो म्हटल्याबरोबर, “दुसरीकडे कोठीच नका जाऊ, मशीनवाल्याइकडे जा अन् कमरख खाल्लं म्हणून सांगा,” असं बजावून पाठवलं होतं. भावाला बाई कोण ते विचारावं लागलं नाही. म्हातारबाबा तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले.

मावशींचा नवरा मात्र फार दिवस राहिला नाही. त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी तो गेला. कमरखानं नाही. किडनीचा आजार हळूहळू हृदयापर्यंत जातो, तसा गेला. मी भेटायला गेले. मावशी म्हणाल्या, “दोन वर्सं मिळाले बाई. तवाच गेला असता तर माह्या हातानं गेला असता. आता देवानं नेला, ते वेगळं.” एवढं बोलून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. त्या हिवाळ्यात फळं येणार नाहीत असं मी धरून चालले होते. कंडक्टरनं फोन केला, पार्सल आहे. फडक्यांना तिन्ही रंगांचे दोरे होते.

प्रबंध सादर झाला आणि खुल्या मौखिकीचा दिवस ठरला. ही परीक्षा सगळ्यांसमोर होते, बाहेरचे परीक्षक येतात आणि शेवटी बसलेल्यांपैकी कोणीही प्रश्न विचारू शकतं. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. मावशी भावासोबत आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, मागच्या रांगेत. मी पडद्यावर शिखरं दाखवली, झाडांचे फोटो दाखवले. मॅडमनी सांगितलं होतं की मावशींची ओळख करून द्यायची, ती मी दिली. परीक्षकांनी त्यांचे प्रश्न विचारले, माझी उत्तरं बरी झाली. मग अध्यक्ष म्हणाले, “सभागृहातून कोणाचा प्रश्न?”

मावशी उभ्या राहिल्या. सगळे मागे वळले.

“मले इचारायचं होतं,” त्या म्हणाल्या, “कच्च्याचं पाह्यलं, पिकल्याचं पाह्यलं. लोणच्याचं काय? मी दरवर्षी लोणचं घालतो. लोकं नेतात. उन्हात ठेवलं, मीठ लावलं, चार महिने मुरलं, तर ते राह्यते का मरते?”

सभागृहात एक-दोघं हसले, पण परीक्षक हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. उत्तर?”

पाचएक वर्षं काम केलं होतं मी. शिकवलेल्या मुलांसमोर, मॅडमसमोर, माझ्या नवऱ्यासमोर उभी होते. काहीतरी अंदाज सांगता आला असता. रेणू पाण्यात बदलतो, मग मुरलेल्या लोणच्यात तो कमी असावा, असं शास्त्रशुद्ध आवाजात म्हणता आलं असतं. पण मावशी समोर होत्या, आणि त्या ते ऐकून लोणचं विकतील किंवा विकणार नाहीत.

“माहीत नाही, मावशी,” मी म्हटलं. “बघितलेलं नाही. बघेपर्यंत मशीनवरच्यांना देऊ नका.”

“बरं,” म्हणून त्या खाली बसल्या. परीक्षकांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर जेवताना ते मला म्हणाले की त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न तो होता, आणि उत्तरही त्यांना आवडलं.

पदवी मिळाली. नोकरी अजूनही तासिका तत्त्वावरच आहे. पण गेल्या हिवाळ्याच्या शेवटी मावशी पुन्हा प्रयोगशाळेत आल्या. या वेळी गोणपाटात चार काचेच्या बरण्या होत्या, कापूस लावून पक्क्या बांधलेल्या. एक महिनाभराचं लोणचं, एक तीन महिन्यांचं, एक आदल्या वर्षीचं. चौथी बरणी उघडली तर तिच्यात नुसतं पाणी, मीठ आणि मोहरी-मेथीचा मसाला. कमरखाची फोडसुद्धा नाही.

“ही कशाला?” मी विचारलं.

“मंग कसं समजन?” त्या म्हणाल्या. “तुह्या मशीनवर जे दिसन ते कमरखाचं का मसाल्याचं, ते पाहाले एक बिनाकमरखाची नको काय?”

असला नमुना ठेवायला मी पदवीच्या मुलांना सहा महिने शिकवते. मी चार चिठ्ठ्या लिहून बरण्यांना लावल्या, आणि मावशींनी पदराआडून दोऱ्यांच्या गुंड्या काढून प्रत्येकीला आपला रंग बांधला.